मिठागरातली अंडी

प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आले की मला हिराजीनाना आठवतात, आणि त्यांच्याही आधी माझंच एक वाक्य आठवतं. "नाना, ही अंडी मेलेली आहेत." एवढंच. बोलायला दोन सेकंदही लागले नसतील. ते निस्तरायला मला सबंध उन्हाळा लागला, आणि पुरतं निस्तरलं असं आजही म्हणवत नाही.

मी ताथवड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. जानेवारीच्या अखेरीस आमच्या प्रयोगशाळेची लगीनघाई सुरू होते. काचेच्या बरण्यांवरची वर्षभराची धूळ पुसली जाते, फॉर्मलिनमधले पांढरेफटक मासे आणि बेडूक रांगेत उभे राहतात, मुलं अर्धवट जर्नलं घेऊन सहीसाठी दारात ताटकळतात. सगळीकडे मेलेल्या जिवांचा तो उग्र वास. त्या सगळ्यात एक तरी वस्तू जिवंत असावी म्हणून मी दरवर्षी एक उद्योग करते. मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या एका चिमुकल्या कोळंबीसारख्या प्राण्याची अंडी डब्यात विकत मिळतात. माशांच्या पिल्लांना खायला घालण्यासाठी शौकीन लोक ती आणतात. दिसायला अगदी तपकिरीची पूड. वर्षानुवर्षं डब्यात कोरडी पडून राहतात. ना श्वास, ना हालचाल. मात्र मिठाच्या पाण्यात घातली, बल्बची ऊब दिली, खालून हवेचे बुडबुडे सोडले, की दुसऱ्या दिवशी त्या पुडीतून नारिंगी ठिपके बाहेर पडतात आणि उजेडाकडे पोहत सुटतात. एकाच डोळ्याची, फुलस्टॉपएवढी पिल्लं. एरवी मोबाइलवरून मान वर न करणारी मुलं त्या बाटलीपुढे गर्दी करतात.

या मुलांचे आईबाप बीडचे, जळगावचे, धाराशिवचे. मी स्वतः लातूरची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बी.एस्सी.च्या सहलीत. त्यामुळे हा प्राणी मिठागरात राहतो हे मी पुस्तकात वाचून सांगायची. मिठागर पाहिलेलं माणूस माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. म्हणजे, होतं, माझ्याच इमारतीत, एक मजला खाली. पण ते मला ठाऊक नव्हतं.

आम्ही चिखलीला राहतो. खालच्या घरात नीलेश आणि रूपाली. नीलेश चाकणच्या कंपनीत, रूपाली भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये. दोघांच्या शिफ्टा अशा, की नवराबायकोची भेट जिन्यात व्हायची. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर नीलेशने आपल्या वडिलांना, हिराजीनानांना, पेणच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून इकडे आणलं. आई त्याच्या दोन वर्षं आधीच गेलेली. नाना उंच, काळे, पायांच्या तळव्यांना खोल भेगा पडलेले. बोलणं कमी. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जायचे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. मला वाटायचं, सूर्यास्त बघतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "वारा बघतो. पन इथं वाऱ्याला वास नाय."

त्यानंतरच्या जानेवारीत थंडी जरा जास्तच होती. प्रयोगशाळेत रात्री पाणी फार गार व्हायचं, म्हणून अंडी उबवायची बाटली मी घरी आणून ठेवली होती. एका सकाळी नाना रूपालीकडे राहिलेला आमचा डबा परत द्यायला वर आले. दारातूनच त्यांची नजर बाटलीवर गेली. पुढे आले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे आमचे," ते म्हणाले.

"काय आमचे?"

"लाल किडे. मिठागरातले. आता लहान हायेत म्हनून असे दिसतात, मोठे झाले का लाल व्हतात. इथं कोनी आनले?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यानंतरचा तासभर जो मनुष्य बोलत होता तो गच्चीवरचा नव्हेच. भरतीचं पाणी बांध घालून आत कसं घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत उन्हाने ते कसं दाट करायचं, बोट बुडवून चाखल्यावर मीठ किती दिवसांनी धरेल हे कसं कळतं. आणि त्या दाट होत जाणाऱ्या पाण्यात, जिथे मासा तग धरत नाही, तिथे हे लाल किडे उलटे, पाठीवर पोहतात. पाणी चांगलं असेपर्यंत माद्या थेट पिल्लंच सोडतात, पण ते फार खारट झालं की अंडी टाकतात. वाऱ्याने ती अंडी बांधाच्या कोपऱ्यात गोळा होतात, तांबूस साय धरल्यासारखी. पुस्तकातलं अर्धं पान नाना मला तोंडपाठ सांगत होते, आणि त्यांनी ते पुस्तक कधी पाहिलेलं नव्हतं.

"मंग पाऊस लागला, पानी पातळ झालं, का परत सगळीकडं हेच," ते म्हणाले. नंतर थांबून म्हणाले, "व्हते."

त्यांचं मिठागर बुजवलं होतं. रस्ता आणि गोदामं व्हायची होती. आधीच्या मे महिन्यात मुरमाचे ट्रक यायच्या दोन दिवस आधी नाना बांधाच्या कोपऱ्यावर गेले आणि ती तांबूस साय, त्याच दाट पाण्यासकट, एका बरणीत भरून घेऊन आले. कशाला, असं मी विचारलं. "तसं काय ठरवलं नव्हतं. सगळं बुजवनार बोलले, मी म्हटलं, येवढं तरी." मग खाली जाऊन ते बरणी घेऊन आले. प्लास्टिकची, लाल झाकणाची. चिखलीच्या त्या खोलीत पलंगाखाली ती आठ महिने होती.

मी त्यातली थोडी अंडी दुसऱ्या बाटलीत सोडली आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "नाना, उद्या बघा. उद्या सकाळी तुमची पिल्लं पोहतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले. पिल्लं नव्हती. तिसऱ्या दिवशी आले, नव्हती. चौथ्या दिवशी मी बाटलीतला थेंब कॉलेजातून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरला. गोल, टणटणीत, तांबूस अंडी. एकही फुटलेलं नाही, एकातही हालचाल नाही. सोमवारपासून माझी प्रात्यक्षिकं सुरू व्हायची होती, शंभरावर जर्नलांवर सह्या राहिल्या होत्या, बाहेरचे परीक्षक येणार होते. मी डोळा वर करून ते वाक्य बोलले.

"सगळी?" नानांनी विचारलं.

"सगळीच. इतके महिने, त्या उकाड्यात, तशी ओली राहिली ना. कोरडी असती तर टिकली असती."

ते उठले. जाताना म्हणाले, "बरं. तुमी येवढं केलंत."

दोन दिवसांनी जिन्यात रूपाली भेटली. "मॅडम, नानांना काय झालंय? परवा चालत नदीवर गेले आणि ती बरणी ओतून आले. घासून पालथी घालून ठेवलीय. जेवताना अर्धी भाकरी तशीच ताटात. गच्चीवर पण जात नाहीत. तुमच्याकडे काही झालं का?"

मी म्हणाले, "नाही गं, अंडी जुनी होती, उबली नाहीत." आणि घड्याळ बघत खाली उतरले.

आमच्या प्रयोगशाळेत बबनकाका होते, परिचर. ताथवड्याच्या जुन्या शेतकरी घरातले. आता त्यांच्या जमिनीवर तीन टोलेजंग इमारती आहेत, पण बोलणं आणि चालणं अजून बांधावरचंच. परीक्षेच्या गडबडीत चहा पिताना मी त्यांना हा किस्सा सांगितला. किस्साच म्हणून सांगितला. ते हसले नाहीत.

"मॅडम, त्या म्हाताऱ्या मानसाच्या तोंडावर मेलंय म्हनायची घाई काय व्हती?"

"अहो, पण चार दिवस बघितलं ना."

"आमी न्हाई तसं म्हनत. बी उगवलं न्हाई तर म्हनायचं, अजून उगवलं न्हाई. मेलं का जितं, ते बी ठरवंल की." कप विसळायला ते उठून गेले.

मला राग आला. राग यायचं कारण असं, की त्यांच्या बोलण्यात शास्त्र माझ्यापेक्षा जास्त होतं. चार दिवसांत मी काय पाहिलं होतं? एवढंच, की चार दिवसांत ती फुटली नाहीत. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं होतं.

नानांच्या बरणीतलं चमचाभर पाणी मी पहिल्याच दिवशी एका छोट्या कुपीत काढून कॉलेजात नेलं होतं, मुलांना दाखवायला. ती कुपी रॅकवर तशीच होती. त्या संध्याकाळी मी स्नेहाला फोन लावला. स्नेहा माझी जुनी विद्यार्थिनी. किनाऱ्यावर कोळंबीची पिल्लं तयार करणाऱ्या एका केंद्रात काम करते, आणि ही अंडी तिथे रोज लागतात. मी सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, तुम्ही त्यांना थंडी दाखवलीत का?"

"म्हणजे?"

"डब्यातली अंडी आधीच तयार करून पाठवलेली असतात. ही थेट मिठागरातली आहेत. त्यांना थंडी दाखवावी लागते, मग वाळवावं लागतं. त्याशिवाय कितीही चांगलं पाणी द्या, ती उठत नाहीत. काही ठिकाणची अंडी नुसत्या वाळवण्याने उठतात, काहींना थंडी लागतेच. नक्की सांगता येत नाही. बघा करून."

सतरा वर्षं मी 'सुप्तावस्था' शिकवत होते. दोन गुणांचा प्रश्न. प्रतिकूल परिस्थितीत जीव आपली वाढ थांबवतो, अनुकूल परिस्थिती आली की ती पुन्हा सुरू होते. मुलं हे वाक्य लिहितात, मी बरोबरची खूण करते. पण झोपा दोन असतात हे मला फोनवर कळलं. एक बाहेरून लादलेली. पाणी नाही, म्हणून अंडं पडून आहे. पाणी मिळालं की उठलं. डब्यातली पूड ती झोप झोपते. दुसरी आतून कडी लावलेली. आत काही हजार पेशींचा गर्भ तयार आहे, खायची शिदोरीही सोबत आहे, बाहेर पाणी आहे, ऊब आहे, सगळं मनासारखं आहे. तरी तो उठत नाही. आईने त्याला पाठवतानाच कडी घालून पाठवलेलं असतं. कारण उघड आहे. एप्रिलात एखादी अवकाळी सर येते, पाणी चार दिवस पातळ होतं आणि पुन्हा ऊन तापतं. त्या सरीला भुलून सगळीच अंडी फुटली, तर वंश तिथेच संपला. म्हणून आधी एक हिवाळा, नाहीतर निदान एक कडक कोरडा उन्हाळा, अंगावरून गेला पाहिजे. तो गेल्याची खूण पटली की कडी निघते.

फोननंतर पुस्तकं काढून हे वाचत बसले तेव्हा मला साहजिकच माणसं आठवली. नाना आठवले, माझी मी आठवले. पण तो मोह मी आवरला. माणसांना अशी आतली कडी असते का, मला ठाऊक नाही. असलीच, तर ती थंडीने निघत नाही हे मात्र मी पाहिलं आहे.

कुपी मी घरी आणली आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दाट मिठाचं पाणी तिथेही गोठत नाही. आठवड्याने आमच्या ह्यांनी विचारलं, "बर्फात ही कसली चटणी ठेवलीयस?" मी म्हणाले, "हात लावू नका." नानांना मात्र काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा चुकायची भीती होती. आधी त्यांना मेली म्हणून सांगितलं, आता जिवंत असतील म्हणून सांगायचं आणि पुन्हा सकाळी ते सदरा घालून येऊन बसायचे? ते मला झेपलं नसतं.

प्रात्यक्षिकं संपली, लेखी परीक्षा आल्या. सुपरव्हिजन करताना वर्गात उन्हाचे पट्टे सरकत जायचे आणि मी मनात दिवस मोजत असायचे. नाना कधी दारात दिसले की हसायचे. पूर्वीसारखंच हसायचे, तेच मला टोचायचं. रागावले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलच्या मध्यावर मी कुपी बाहेर काढली. मलमलच्या फडक्यावर अंडी गाळली, सावलीत वाळवली. सुकल्यावर ती चेपलेल्या चेंडूसारखी आत दबली. एका रविवारी सकाळी बाटलीत मिठाचं पाणी घातलं, अंडी सोडली, बुडबुडे चालू केले, आणि घरातली जळमटं काढायला घेतली, म्हणजे तिकडे लक्ष जाऊ नये.

सोमवारी पहाटे काही नव्हतं. मी आंघोळ करून आले. बाटलीच्या बुडाशी, बल्बच्या बाजूला, नारिंगी रंगाची एक रेघ होती. मी बुडबुडे बंद केले. रेघ हलत होती. दरवर्षीसारखं ढगासारखं काही नव्हतं; फार तर तीस-चाळीस असतील. पण पोहत होती. मी तिथेच ओट्याला टेकून फरशीवर बसले.

मग बाटली घेऊन खाली गेले. रूपाली शिफ्टला गेलेली, नीलेश झोपलेला. नानांनी दार उघडलं. मी बाटली खिडकीतल्या उन्हात धरली. त्यांनी पाहिलं.

"डब्यातली?"

"नाही नाना. तुमची. थोडी माझ्याकडे राहिली होती."

ते जवळ आले. पिल्लं उन्हाच्या बाजूला गोळा झाली होती. बराच वेळ ते बघत राहिले. खाली रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती.

"म्हंजे तुमी बोललात तवा ती मेली नव्हती."

"नव्हती."

"मंग मी नदीत वतली ती पन जितीच व्हती."

याचं उत्तर देण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. त्या क्षणी मला कळलं, की मी नुसती आनंदाची बातमी घेऊन आले नव्हते. "हो," मी म्हणाले. "माझं चुकलं, नाना. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला हवं होतं, ते मी म्हणाले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी मुद्दाम नाय बोललात," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन बोललात."

मी उभी राहिले. नानांनी आत जाऊन चष्मा आणला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा बाटलीपाशी वाकून विचारलं, "ह्याना खायला काय देतात?"

ती मे-जूनची गच्ची मला अजून स्पष्ट दिसते. नीलेशने चाकणहून एक निळा ड्रम आणून आडवा कापून दिला होता. नाना त्यात मिठाचं पाणी तयार करायचे. माझ्याकडे खारटपणा मोजायचं उपकरण होतं, त्यांच्याकडे बोट होतं. त्यांचं बोट बहुतेक वेळा बरोबर ठरायचं. चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून ते दिवसातून दोनदा शिंपायचे. निम्मी पिल्लं पहिल्या आठवड्यातच गेली. मी विषण्ण झाले, नाना झाले नाहीत. "येवढी जातातच," ते म्हणाले. उरलेली तीन आठवड्यांत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी झाली, पाठीवर पोहायला लागली आणि मग पिल्लावळ सुरू झाली. रूपाली शिफ्टवरून आली की चप्पल न काढता थेट गच्चीवर जायची. "नाना, आज किती?" नाना म्हणायचे, "मोजतो काय गं, कोंबड्या हायेत का?" ताटातली भाकरी पुरी संपते की नाही हे मी विचारलं नाही, रूपालीनेच सांगितलं. पाऊस लागायच्या आधी नानांनी ड्रमातलं पाणी मुद्दाम उन्हात आटू दिलं. पाणी दाट झालं, आणि एका सकाळी निळ्या प्लास्टिकच्या कडेला तांबूस वळ उमटला. अंडी.

पुढच्या जानेवारीत, प्रात्यक्षिकं सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, नाना मला म्हणाले, "मॅडम, गावाला येता का?" चिंचवडहून आम्ही एसटी धरली, घाट उतरून पेणला गेलो, तिथून सहा आसनी रिक्षा. मी पहिल्यांदाच मिठागर बघणार होते. नानांचं मिठागर होतं तिथे आता सपाट मुरूम होता, त्यावर पत्र्याची लांबच लांब शेड. नाना त्या बाजूने चालले, पण मान वळवली नाही. पुढे खाडीच्या अंगाला त्यांच्या चुलतभावाचं, दामोदरचं, एक छोटं मिठागर अजून चालू होतं. वाफ्यांमधून पांढरं पाणी चमकत होतं. वाऱ्याला वास होता.

नानांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि सांगितलं, हे तुझ्या पाण्यात सोडायचं आहे. दामोदरने पुडी उघडून बघितली आणि तो हसायलाच लागला. "अरे, ह्ये तर इथं हायेच. बांधाला बघ की, केवढं पडलंय. येवढ्या लांबून कशाला आनलंस?"

खरंच होतं. बांधाच्या कोपऱ्यात तीच तांबूस साय हातभर रुंद पसरली होती. मला ओशाळल्यासारखं झालं. वर्षभर आम्ही जे जिवापाड जपलं होतं ते इथे फुकट सांडलेलं होतं.

"असू दे," नाना म्हणाले. "ह्यांची गाठ पडंल." आणि त्यांनी वाकून पुडी पाण्यावर उलटी केली. वाऱ्याने पूड कोपऱ्याकडे सरकवली. तिथल्या तांबूस रंगात आमची कुठली आणि तिथली कुठली, हे दोन मिनिटांत ओळखता येईना.

दामोदर आग्रह करायला लागला. आता आलास तर राहा चार दिवस, जिताडा मासा आणतो, तुझी वहिनी वाट बघतेय. मला वाटलं, नाना राहतील. मीही म्हणाले, "राहा की नाना, मी जाईन एकटी, मला सवय आहे."

नानांनी हात खाडीच्या पाण्यात धुतले, धोतराला पुसले. "नाय रे," ते दामोदरला म्हणाले, "उद्या चिखलीला पान्याचा दिवस हाय. रूपालीची फर्स्ट शिफ्ट, नीलेश नाइट करून येनार. सकाळी पानी भरायला घरात कोन हाय?"